दाजी, सॉरी आणि आमच्या गल्लीचा चढ

विजेच्या खांबाला धडकून त्या खांबालाच 'सॉरी' म्हणणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर परवापरवापर्यंत एकच होता, आणि तो कोल्हापुरात, आमच्याच गल्लीत, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होऊन राहतो. खोटं वाटत असेल तर गल्लीत कुणालाही विचारा. खांब, अर्धवट उघडलेलं शटर, वाऱ्यानं आपटलेलं दार आणि रस्त्यात आडवी बसलेली म्हैस, एवढ्यांची माफी मागून झाल्याशिवाय आमच्या दाजींचा दिवस उजाडायचा नाही. म्हैस तर त्यांना चांगली ओळखून होती. पूर्वी हाकललं की बिचारी उठायची तरी. नंतर नुसती सॉरी ऐकायची, कान हलवायची आणि रवंथ चालू ठेवायची.

आमची गल्ली पंचगंगेच्या अंगानं वर चढत येते. दाजींचं घर चढाच्या बरोबर मध्यावर, आणि माझं चष्म्याचं दुकान वरच्या टोकाला, चौकात. त्यामुळे गल्लीत कोण चढलं, कोण उतरलं आणि कोण मध्येच दम खात उभं राहिलं, हे सगळं मला गल्ल्यावर बसून दिसतं. माझा स्वभाव तापट. माणूस एका जागी दोन मिनिटं घुटमळला की माझ्या पायाला मुंग्या येतात. आणि देवानं मला दाजी दिले ते असे, की दारातनं बाहेर पडायला पाच मिनिटं लावायचे. कारण दारात दुसरं कुणी असलं तर 'आधी तुम्ही', आणि कुणी नसलं तर कुणी येतंय का बघायला थांबायचं.

हे अलीकडचं झालं. मुळात दाजी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आणि त्यांचा जीव एकाच धड्यात अडकला होता: उतार आणि घर्षण. निवृत्त होताना लोक घड्याळ नेतात, शाल नेतात, नारळ नेतात. दाजींनी शाळेतली बिजागरीची मोडकी फळी मागून घेतली. एक टोक जमिनीवर, दुसरं हळूहळू उचलायचं, आणि फळीवर ठेवलेली वस्तू कुठल्या कोनात घसरते ते बघायचं. घरातली एकही वस्तू या परीक्षेतून सुटली नाही. साबण लगेच नापास झाला. गुळाची ढेप शेवटपर्यंत चिकटून राहिली, म्हणून दाजींनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात नवऱ्यामुलाच्या कोऱ्या कोल्हापुरी चपला गायब झाल्या, तेव्हा करवल्यांवर संशय घेऊन झाला, रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी चपला सापडल्या त्या माडीवर, फळीवर. दाजी व्याह्यांना शांतपणे म्हणाले, "तळ लई गुळगुळीत हाय. जावयास्नी सांगा, फरशीवर जपून." अक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, कपाळावर हात मारून घेतला.

दोन वर्षांपूर्वी भाची, म्हणजे अक्काची लेक, दाजी-अक्का दोघांना सहा महिन्यांसाठी इंग्लंडला घेऊन गेली. तिचं गाव डोंगराळ. घरासमोरचा रस्ता आमच्या गल्लीला चढ शिकवेल असा. दाजी खुशीत. पण पहिल्याच थंडीत रस्त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला आणि दाजी, चप्पल घालून, दूध आणायला बाहेर पडले. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे.

"पहिल्या पावलालाच बसलो खाली, आणि निघालो की! घर्षण शून्य! बसल्या बसल्या चाललोय. समोरनं एक म्हातारा चढ चढून येत हुता. मला वाटलं, हा धरंल. त्यो बाजूला झाला, टोपीला हात लावला आणि म्हणाला, सॉरी! वाट दिली रं त्यानं मला! पुढं एक बाई कुत्रं घिऊन. ती म्हणाली, गुड मॉर्निंग. मी बी म्हणलं, गुड मॉर्निंग. आता कोण बोलल्यावर गप कसं ऱ्हायचं? असं चार माणसांस्नी रामराम घालत मी तळाला गेलो, तवा तिथला एक जण म्हणतोय, आज जरा गार हाय, न्हाय का?"

माझ्या डोळ्यांत हसून पाणी आलं. दाजी मात्र त्या दिवसापासून पार बदलले. त्यांनी वही केली. इंग्रज माणूस कशाकशाला सॉरी म्हणतो, याचा अभ्यास सुरू झाला. आपली वस्तू मागताना सॉरी, ऐकू आलं नाही तर सॉरी, शिंक आली तरी सॉरी. शेवटी दाजींनी एक प्रयोगच केला. बसच्या रांगेत समोरच्या माणसाच्या पायावर मुद्दाम पाय दिला. "पाय त्याचा, बूट माझा, आणि सॉरी त्यानंच म्हणलं! मी परत दिला. परत त्यानंच म्हणलं!" तिसऱ्यांदा द्यायच्या आत भाचीनं त्यांना ओढून नेलं, नाहीतर हा अभ्यास पोलिसांपर्यंत गेला असता.

परत आले ते सिद्धांत घेऊनच. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी मला तो ऐकवला, आणि गिऱ्हाईक खोळंबलं असताना ऐकवला. "लोकांस्नी वाटतंय सॉरी-थँक्यू म्हंजे तेल. साफ चूक! ती खरखर हाय, खरखर. माणूस म्हंजे उतारावर ठेवलेली वस्तू. खरखर न्हाय तर हा त्याच्या अंगावर, त्यो ह्याच्या अंगावर. आपल्या गावात काय, सगळं गुळगुळीत. म्हणून सारखी टक्कर." मी म्हटलं, "दाजी, त्या पावण्यांचा नंबर बघायचाय मला, सरका." दाजी उठले आणि पावण्यांना म्हणाले, "सॉरी हं." पावणा घाबरून म्हणाला, "का? डोळा गेला काय माझा?"

आता हे सगळं कोल्हापुरात चालवायचं म्हणजे काय आलं कपाळ! एसटीतून उतरताना दाजींनी कंडक्टरला थँक्यू म्हटलं, तर तो म्हणाला, "मला कशाला? मी काय खांद्यावर घिऊन आलोय व्हय?" दूधकट्ट्यावर तर त्यांनी रांग लावायचा घाट घातला. ज्यांना आमचा कट्टा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: इथं सकाळी गवळी म्हैस आणून उभी करतो, लोकांसमोर धार काढतो, आणि फेसाळलेला गरम पेला ज्याच्या हाताला लागेल त्याचा. हात लांब असणं हीच पात्रता. दाजी म्हशीपासून चार हातांवर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मागं या." कुणी आलं नाही. दाजी एकटेच रांगेत. धार संपली, माणसं मिशा पुसत निघून गेली, आणि बाळू गवळी म्हणाला, "मास्तर, तुमचा लंबर लागला बघा. पर दूध संपलं."

हसलो आम्ही सगळे. एक माणूस तेवढा हसला नाही. तो म्हशीच्या शेपटीकडच्या अंगाला, दाजींकडे पाठ करून पेला पीत होता. गेली सात वर्षं तो तिथंच उभा राहत आला होता.

हे पैलवान सर. दाजींच्याच शाळेत व्यायामशिक्षक. राहायला आमच्या गल्लीच्या तळाला. दोघे एकाच वर्षी शाळेत लागले, आणि तीस वर्षं रोज सकाळी एकत्र कट्ट्यावर आले. दाजी किडकिडीत आणि बोलके, सर धिप्पाड आणि मुके म्हणावेत इतके कमी बोलणारे. मग सात वर्षांपूर्वी ते झालं. आता जे सांगतो ते दाजींनी फक्त अक्काला सांगितलंय, आणि अक्कानं मला.

शाळेचं मैदान उंचावर. खेळपट्टीचा लोखंडी रोलर चढावरून वर न्यायचा होता. पुढं दोरीला पोरं, मागं दोनचार पोरांबरोबर खांदा लावून सर. रोलर निम्म्यावर आला आणि वर्गातून दाजी खडू घेऊन धावत आले. "थांबा! थांबा सगळे! बघा, रोलरवर आत्ता कुठली कुठली बलं काम करतायत?" सर मागून म्हणाले, "मास्तर, चढावर थांबवू नगंस. चालू हाय तवर निघू दे." दाजी म्हणाले, "दोनच मिनिटं." आणि कुंपणाच्या भिंतीवर बाण काढायला लागले. तिसरा बाण काढेपर्यंत दोऱ्या ढिल्या पडल्या. रोलर मागं आला. सरांनी मागच्या पोरांना ओरडून बाजूला काढलं आणि स्वतः तिथंच राहिले. डाव्या पायाची दोन बोटं गेली.

हेडमास्तर धावत आले, विचारलं, काय झालं? आणि दाजी, खडू अजून हातात, म्हणाले, "सरांनी मागनं नीट धरला न्हवता."

एवढंच वाक्य. सर खाली बसले होते, पाय धरून. त्यांनी नुसतं वर बघितलं. उलटून एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त दाजींशी बोलायचे थांबले. दाजी दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि माघारी आले. पहिल्या दिवशी राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशी अवघड झालं. आठवड्यानं आणखी अवघड. वर्ष गेल्यावर तर कुठल्या तोंडानं जायचं? एकदा मी चिडून विचारलं तर मला म्हणाले, "तुला कळायचं न्हाय. थांबलेली वस्तू हलवायला चालत्या वस्तूपेक्षा जास्त जोर लागतोय." मी म्हटलं, "दाजी, विज्ञान घाला चुलीत!" मला त्यांचा राग आला होता, आजही थोडा आहे. कारण सर माझ्या दुकानावरून लंगडत जायचे, तेव्हा मान खाली घालावी लागायची ती मला.

अक्का मात्र सरळ बोलायची. "खांबाला सॉरी, म्हशीला सॉरी. खालच्या घराची पायरी तेवढी चढवत न्हाय व्हय?" दाजी पेपर तोंडापुढं धरायचे.

गेल्या माघात बातमी आली. सरांचा मुलगा वारणानगरला साखर कारखान्यात आहे, त्यानं तिथं घर बांधलं, आणि सर कायमचे तिकडं निघाले. घर विकलं, दिवस ठरला. आठ दिवस हातात. त्या आठ दिवसांत दाजींनी आमच्या गल्लीचा चढ झिजवला. सकाळी खाली जायचे, सरांच्या दारापासून दहा पावलांवर चपलेतला खडा काढायचे आणि वर यायचे. दुपारी परत. खडा किती असावा एका चपलेत! माझ्या दुकानात यायचे, बसायचे, उठायचे, फ्रेमा इकडच्या तिकडं करायचे. गल्लीतल्या प्रत्येक जिवंत आणि निर्जीव वस्तूची त्यांनी त्या आठवड्यात दोनदोनदा माफी मागितली. रात्रभर कूस बदलतात, असं अक्का म्हणाली. मलाही सुचेना. काच कापायला घ्यावी तर लक्ष खाली तळाकडं. सातव्या दिवशी मी ओरडलोच, "चला, मी येतो संगं! धरून नेतो!" दाजी म्हणाले, "उद्या." दुसरा दिवस जायचाच दिवस होता.

सकाळी दहाला टेम्पो भरला. कपाटं, पलंग, वर बांधलेल्या, तालमीत फिरवायच्या लाकडी मुद्गलाच्या चार जोड्या. मुलगा मोटरसायकलवर पुढं गेला. सर ड्रायव्हरशेजारी बसले. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत चढायला लागला. मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा. दाजींच्या दारात कुणी नव्हतं. मी मनात म्हटलं, संपलं. घालवली या माणसानं.

आणि टेम्पो निम्म्यावर आला, तेव्हा दाजी घरातून सुटले. सुटले म्हणजे काय, पायात काही नाही, हातात पेपर, आणि थेट टेम्पोपुढं जाऊन दोन्ही हात वर! ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. एक मुद्गल सुटून गडगडत पार नदीकडं गेलं. इंजिन बंद. टेम्पो एक वीत मागं सरकला, मग दुसरी. "दगड! दगड लावा!" मी धावलो. इतका कधी धावलो नव्हतो. बांधकामाचा एक दगड उचलून मागच्या चाकाखाली घातला, तेव्हा कुठं टेम्पो थांबला आणि ड्रायव्हरच्या तोंडाला सुरुवात झाली. ते शब्द मी इथं लिहीत नाही.

दाजींनी हात खाली घेतले. "सॉरी," ड्रायव्हरला म्हणाले. बाजूच्या खिडकीतल्या बाईला म्हणाले, सॉरी. मला म्हणाले, सॉरी. टेम्पोच्या दिव्याला आपला हात लागला तर त्यालाही म्हणाले, सॉरी. आणि केबिनच्या दारापाशी आले आणि गप्प. ओठ हलतायत, आवाज नाही.

पैलवान सर दार उघडून हळूहळू खाली उतरले. चढ बघितला. चाकाखालचा दगड बघितला. मग दाजींकडं बघितलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"परत चढावरच थांबीवलास व्हय रं, मास्तर?"

दाजींना हसू आलं की रडू, मला मागून कळलं नाही. खांदे हलत होते एवढं खरं. सर म्हणाले, "रडतोस काय? लाव खांदा." एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला दाजी, मध्ये मी आणि गल्लीतले चौघे. ड्रायव्हर ओरडला, "आता सुटला की मी थांबायचा न्हाय! एकदम चौकात!" दाजींचा खांदा तो काय, पण त्या दिवशी त्यांनी लावला, मानेच्या शिरा फुगेपर्यंत. टेम्पो गुरगुरला, हलला आणि निघाला. जो निघाला तो थेट वर, माझ्या दुकानासमोर सपाटीवर जाऊन उभा राहिला.

सर राहिले खाली, दाजींबरोबर. आता चालतच वर जाणं भाग होतं. तो चढ फार तर दोनशे पावलांचा. सर लंगडतात, आणि दाजी त्यांच्या पावलाला पाऊल लावून निघाले. मी दगड पोटाशी धरून मागंच थांबलो. पुढं जायचा धीर झाला नाही. दोघे अक्काच्या दारासमोर थांबले. अक्का बाहेर आली, बघितलं आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. पुढं विजेच्या खांबापाशी परत थांबले. तिथं दाजी मान खाली घालून बराच वेळ बोलत होते. सर खांबाला टेकून ऐकत होते. मग सरांनी दाजींच्या पाठीत अशी एक थाप मारली की दाजींचा चष्मा उडून गटारात पडला. वर चौकात ड्रायव्हरचा हॉर्न चालूच. दोनशे पावलांना त्यांनी अर्धा तास लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी घुटमळलं म्हणून राग आला नाही.

टेम्पो गेल्यावर मी दाजींच्या चष्म्याची दांडी सरळ करत विचारलं, "काय बोलला एवढं?" दाजी म्हणाले, "काय न्हाय. हवापाण्याचं."

आता दाजी रविवारी वारणानगरला जातात. पहिल्या एसटीनं जातात, शेवटच्या एसटीनं येतात, आणि कंडक्टरला काही म्हणत नाहीत. कट्ट्यावर म्हशीच्या शेपटीकडची जागा रिकामी असते. गर्दी कितीही असो, तिथं कुणी उभं राहत नाही. दाजी डोक्याकडं उभे असतात आणि मधूनमधून तिकडं बघतात. एकदा बाळूनं सवयीनं दोन पेले भरले आणि दोन्ही दाजींच्याच हातात दिले. दाजींनी दोन्ही प्यायले.

खांबाला ते आता काही म्हणत नाहीत. शटरलाही नाही. म्हशीला परवा चक्क "हाट!" म्हणाले, तेव्हा ती इतकी चमकली की उठूनच उभी राहिली. आम्ही गल्लीतले लोक त्या सॉरीला किती हसलो होतो! आता सकाळी ती ऐकू येत नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

गेल्या आठवड्यात कट्ट्यावर पेल्यासाठी हात घालताना माझा पाय दाजींच्या पायावर पडला. चांगला जोरात. मी वाट बघितली, आता म्हणतील. दाजी कळवळून ओरडले, "डोळं फुटलं काय रं तुझं? चष्म्याचं दुकान कशाला काढलंयस मग!"

कट्टा हसला. मला काय झालं कुणास ठाऊक. पन्नाशी उलटली, पण हा शब्द माझ्या तोंडातून कधी कुणापुढं निघाला नव्हता. मी म्हटलं, "सॉरी, दाजी."

दाजींनी पेला खाली केला. माझ्याकडं बघितलं, मग शेपटीकडच्या त्या रिकाम्या जागेकडं.

"लगीच म्हणालास," ते हळूच म्हणाले. "बरं केलंस."